दोन नॉब, एक कॉइल : मानेवाड्यातल्या एका फ्रिजचं प्रकरण

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. नागपुरात सक्करदऱ्याला एका गच्चीवर एसीच्या आउटडोअरपाशी वाकलो होतो, तेव्हा मानेवाड्याहून फोन आला. "भाऊ, दूध सकाळी आणलं की संध्याकाळी फाटून राहिलं. अन् वर आइस्क्रीम तं असं दगड झालं की चमचा वाकते. असं कसं काय जी?"

वहिनींनी दोन वाक्यांत अर्ध निदान सांगून टाकलं होतं, पण ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे आदल्याच आठवड्यात एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने गॅस कमी झाल्याचं सांगून साडेतीन हजारांचा आकडा दिला होता. वहिनींना तो आकडा पटला नाही म्हणून मला फोन. मी हे काम पंचवीसेक वर्षं करतो आहे. "गॅस संपला" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं वाक्य आहे हे मला माहीत आहे, आणि उमेदीच्या काळात मीही ते कधीमधी घाईने बोललो आहे.

घरात सहा माणसं. दादा, वहिनी, दोन मुलं, सुट्टीला आलेली भाची आणि आजी. आजींना मधुमेह, रोज इन्सुलिन. ही शेवटची गोष्ट मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली नाही, कारण मी विचारलीच नाही. या प्रकरणाची खरी किंमत त्या न विचारलेल्या प्रश्नापायी मोजावी लागली.

बुधवारी दुपारी काय दिसलं

फ्रिज डबल डोअर, फ्रॉस्ट-फ्री, सात वर्षांचा. वर फ्रीझर, खाली फ्रिज. स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून तो जेवणाच्या खोलीत कोपऱ्यात उभा होता. मागून भिंतीला चिकटलेला, आणि अंगावर ते खिसेवालं प्लास्टिकचं कव्हर. डाव्या खिशात लाइट बिलं, उजव्या खिशात औषधांच्या चिठ्ठ्या आणि पंचांग. समोरच्या खिडकीत कूलर घोंघावत होता. खोलीत 41 अंश होते. फ्रिजच्या पाटीवर हवामानाचा वर्ग 'टी' छापलेला होता. म्हणजे भोवतालचं तापमान 43 अंशांपर्यंत असलं तरी यंत्राने आपलं काम करावं, अशी त्याची घडण. आमच्याकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधीच ही मर्यादा हाताशी येते. त्यामुळे उन्हाळ्यात नागपूरचा फ्रिज ऐपतीच्या काठावर चालत असतो, आणि घरातली लहानशी चूकही त्याला पेलवत नाही.

आत दोन नॉब होते. खालच्या खणातला 1 ते 5 आकड्यांचा, तो 5 वर. वर फ्रीझरमध्ये सरकपट्टी, एका टोकाला लहान हिमकण, दुसऱ्या टोकाला मोठा. ती मोठ्या टोकाला नेऊन ठेवलेली.

"हे कोणी केलं?"

मोठ्या मुलाने मार्चमध्ये वरची पट्टी मोठ्या हिमकणावर नेली होती. उन्हाळा आला, बर्फ लवकर जमला पाहिजे. एप्रिलमध्ये दूध फाटायला लागल्यावर दादांनी खालचा नॉब 5 वर नेला. मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. तरी खालचा खण थंड होईना. मग गॅसवाला आला.

मी पाण्यात थर्मामीटर ठेवून तपासणी केली. फ्रिजमधल्या हवेचं तापमान दार उघडलं की उडी मारतं, म्हणून हवा मोजून काही कळत नाही. मधल्या फळीवर सकाळपासून ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत तारेचा थर्मामीटर सोडला. असा थर्मामीटर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो आणि माझ्या मते तो प्रत्येक घरात असावा. आकडा आला 11.5. फ्रीझरमध्ये मटारच्या दोन पाकिटांच्या मधे सुई खुपसली, तर उणे 23.

खालच्या खणात 4 अंशांच्या आसपास हवं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, एफएसएसएआयचा, थंड ठेवायच्या अन्नासाठीचा निकषही 5 अंश किंवा त्याखालचा आहे. फ्रीझर उणे 18 ला. म्हणजे या घरात वरचा मजला गरजेपेक्षा पाच अंश गार आणि खालचा साडेसात अंश गरम.

इथे गॅसचा विषय मिटला. ज्या कॉइलमधला गॅस गळाला आहे, ती मे महिन्याच्या दुपारी उणे 23 गाठत नाही. गॅस कमी असता तर आइस्क्रीमही मऊ पडलं असतं. शिवाय मागे आर-600ए ची पाटी होती. हा गॅस पेट घेणारा, आणि अशा घरगुती फ्रिजमध्ये तो पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपासच असतो, वजनकाट्यावर मोजून भरावा लागतो. अंदाजाने "थोडी टॉप-अप" करणाऱ्याला या यंत्राला हात लावू देऊ नये.

पण वर गार आणि खाली गरम, याचं दुसरं एक कारण असतं, आणि ते जास्त गंभीर असतं. त्यामुळे लगेच पट्टी सरकवून मोकळं होता येत नाही.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडी तयार करणारी कॉइल बहुधा एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड. पंखा तिच्यावरून हवा ओढतो, बरीचशी फ्रीझरमध्ये सोडतो आणि उरलेली एका वाटेने खाली पाठवतो. कॉइलवर बर्फ साठतो, म्हणून ठरावीक काळाने हीटर लागतो आणि तो वितळवतो. हा हीटर किंवा त्याचा टायमर बिघडला की बर्फाची भिंत उभी राहते. हवेची वाट बंद होते. फ्रीझर काही दिवस बर्फाच्या जिवावर गार राहतो आणि खालचा खण तापतो. लक्षण अगदी हेच! फरक पाहायचा तो असा : मागच्या पत्र्यावर दवाची किंवा बर्फाची साय धरली आहे का, पंख्याचा आवाज घासल्यासारखा येतो का, आणि यंत्र दार उघडं ठेवून दिवसभर बंद ठेवलं तर नंतर चार-सहा दिवस सगळं सुरळीत चालून पुन्हा बिघडतं का. तसं झालं तर दोष डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेचा. या घरात पत्रा कोरडा होता, पंखा नीट फिरत होता, आणि खालच्या खणाच्या वरच्या फळीमागच्या जाळीतून हवा येत होती. बारीक, पण येत होती. जाळीसमोर कागदाची पट्टी धरली तर ती जेमतेम हलायची.

दाराच्या रबरात नोट अडकवून ओढून पाहिली, सगळीकडे घट्ट. तो विषय तिथेच संपला.

नॉब नेमकं काय करतो

वहिनींना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. या घरातला फ्रिज म्हणजे एक कमावता आणि दोन चुली. कमावता म्हणजे कॉइल. खालचा नॉब कमावत्याला सांगतो किती वेळ राबायचं. थर्मोस्टॅट खालच्या खणाचं तापमान पाहतो आणि त्यावरून कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. वरची पट्टी मात्र कमाई वाढवत नाही. ती फक्त वाटणी ठरवते. पट्टीमागे एक झडप असते, आम्ही तिला डॅम्पर म्हणतो. पट्टी मोठ्या हिमकणाकडे नेली की झडप मिटत जाते, खाली जाणारी हवा कमी होते आणि वरच्या चुलीला जास्त मिळतं.

म्हणजे मुलाने मार्चमध्ये खालच्या चुलीचा शिधा कापला. दादांनी एप्रिलमध्ये कमावत्याला जास्त राबायला लावलं. पण वाटणी तीच राहिली, त्यामुळे वाढलेली सगळी कमाई वर गेली आणि खालचा खण उपाशीच. थर्मोस्टॅट खालच्या खणाकडे पाहून "अजून गार नाही, अजून चालव" म्हणत राहिला. मी तिथे दोन तास होतो. तेवढ्या वेळात कॉम्प्रेसर एकदाही थांबला नाही.

सगळ्याच फ्रिजची रचना अशी नसते. काहींत थर्मोस्टॅट वर आणि झडपेचा नॉब खाली असतो, तिथे उलटा हिशोब. बटणांवर थेट अंश दाखवणाऱ्या नव्या यंत्रांत झडप मोटरवर चालते. सिंगल डोअरमध्ये एकच नॉब, त्यावरचे 1 ते 7 आकडे म्हणजे अंश नव्हेत, आणि मधलं बटण बर्फ वितळवायचं. "फ्रिज 4 वर ठेवा" हा सल्ला कॉलनीत फिरतो तेव्हा सांगणाऱ्याच्या मनात अंश असतात आणि ऐकणारा नॉब 4 वर नेतो, हे मी कित्येकदा पाहिलं आहे.

आणि आणखी एक. "बर्फ तं जमते ना, मग फ्रीझर चांगलाच असन," असं आजी म्हणाल्या. पाण्याचा बर्फ उणे 5 लाही आरामात जमतो. त्यावरून फ्रीझर उणे 18 ला आहे की उणे 8 ला, काहीच कळत नाही. या फ्रीझरचं दुखणं उलटं होतं, पण आजींचा निकष दोन्हीकडे फसवणारा.

माझी चूक

मी काय केलं ते क्रमाने सांगतो. वरची पट्टी मधोमध आणली. फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला. कव्हर काढायला लावलं. या फ्रिजची गरम नळी मागच्या जाळीत नसून दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड आहे. बाजूला हात लावला की चटका जाणवतो तो म्हणूनच, आणि ते दुखणं नव्हे. पण त्याच पत्र्यांवर खिसेवालं कव्हर लटकवणं म्हणजे माणसाला मे महिन्यात गोधडी पांघरायला देणं. वहिनी म्हणाल्या, "पत्रा खराब होतो न." मी म्हटलं, होऊ द्या.

खालचा नॉब मी 5 वरच राहू दिला. हेतू असा की तापलेला खण एका रात्रीत खाली यावा, मग उद्या येऊन नॉब कमी करीन. शिकाऊ पोरांना मी नेहमी सांगतो, एका वेळी एकच बदल, आणि बदलानंतर चोवीस तास थांबायचं. त्या दिवशी मी स्वतः तीन बदल एकदम केले आणि चौथा अर्धवट सोडला. गुरुवारी महाल भागातले दोन एसी आणि इतवारीतल्या एका दुकानाचा डीप फ्रीझर, यात दिवस गेला. मानेवाड्याला फोनही केला नाही.

शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन. आवाज वेगळाच होता. "भाऊ, सांबार काचेसारखा झाला. अन् आजीच्या इन्सुलिनचा बर्फ."

(आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याकडच्या वाचकांनी इडलीसोबतचा समजू नये.)

गेलो. मधल्या फळीवरची बाटली 1.5 अंशावर. जाळीसमोर उणे 3. फ्रीझर उणे 19. झडप उघडली, थर्मोस्टॅट मात्र सगळ्यात गार खुणेवर. रात्री कोणी दार उघडत नाही, त्यामुळे उणे अंशांची हवा रात्रभर जाळीतून सरळ वरच्या फळीच्या मागच्या बाजूवर पडत राहिली. आणि इन्सुलिनची न फोडलेली तीन कार्ट्रिज नेमकी तिथेच होती.

ती तिथे का होती? वहिनींनी एप्रिलमध्ये खालचा खण तापलेला पाहिला. कुठे जास्त गार लागतं ते हाताने चाचपलं, आणि जाळीसमोरची जागा निवडून डबी तिथे ठेवली. त्या वेळी ती अगदी शहाणपणाची जागा होती. अख्ख्या खणात 8 अंशांच्या खाली असलेली बहुधा तेवढीच. मी पट्टी सरकवली आणि तीच जागा सगळ्यात धोक्याची झाली. फ्रिजमध्ये आत काय आहे आणि ते कुठे आहे, हे न विचारता नॉबला हात लावणारा माणूस मी होतो.

इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. एकदा गोठलं की वितळून नितळ दिसलं तरी ते वापरायचं नाही, फेकायचं. आजींना ते जड गेलं. "पाणीच तं झालं, पहा, साफ दिसते," असं त्या दोनदा म्हणाल्या. दादांनी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला, तेव्हा त्यांचं समाधान झालं. नशीब एवढंच की चालू वापरातलं पेन दाराच्या कप्प्यात होतं आणि ते गोठलं नव्हतं. वापरातलं पेन 30 अंशांच्या आत असेल तर फ्रिजबाहेरही काही आठवडे चालतं, असं त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. नागपूरच्या मे महिन्यात घरात 30 अंश कुठून आणायचे, ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

कार्ट्रिजचे पैसे मी पुढे केले. वहिनींनी अर्धे परत दिले. त्या अर्ध्यांवरून आमची दारात उभ्याने बरीच ओढाताण झाली.

पुन्हा सुरुवातीपासून

शुक्रवारी सकाळी अकराला खालचा नॉब 3 वर आणला. वरची पट्टी मधेच. दुसरं काही नाही. तीन ठिकाणी पाण्याचे ग्लास ठेवले. मधल्या फळीवर, दारात आणि भाजीच्या ट्रेजवळ. जाळीसमोर पाण्याची एक छोटी बाटली. भाचीला वही-पेन्सिल दिली आणि दार किती वेळा उघडतं याच्या रेघा ओढायला सांगितल्या. अकरा वर्षांची मुलगी, तिने हे काम चित्रगुप्ताच्या निष्ठेने केलं.

शनिवारी संध्याकाळी आकडे असे : मधली फळी 5.5, जाळीसमोर 2, फ्रीझर उणे 16. आणि दुपारी बारा ते सहा या वेळात दार 53 वेळा उघडलं होतं. त्यातल्या एकोणीस रेघांसमोर भाचीने स्वतःहून "दादा, पाणी" असं लिहून ठेवलं होतं.

पाण्याचा प्रकार मला नॉबपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटला. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं ते अंघोळीलाही गरम लागतं. मुलं रिकामी बाटली त्याच नळाखाली भरून तशीच फ्रिजमध्ये कोंबत होती. एक लिटर पाणी 35 वरून 5 अंशांवर आणायला 30 किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. दिवसाला बारा बाटल्या म्हटल्या तर फ्रिजवर तेवढा जादा भार. शिवाय गरम बाटली ज्या वस्तूला टेकून ठेवली ती वस्तू तासभर तापते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर माठ होताच, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. आमचा मे कोरडा असतो, त्यामुळे माठातलं पाणी छान गार होतं, फुकटात. मी एवढंच सांगितलं : बाटल्या नळावर भरू नका, माठातून भरा. अर्ध काम माठाने केलेलं असेल.

कूलरबद्दल मी काहीच बोललो नाही. बोलायला हवं होतं खरं तर. कूलर खोलीत ओल सोडतो, दार उघडलं की ती ओलसर हवा आत जाते, कॉइलवर बर्फ होऊन बसते आणि हीटरला जादा काम पडतं. फ्रीझरच्या दाराच्या कडेला घाम धरलेला दिसायचा तो त्याचाच. पण मे महिन्यात नागपूरकराला "कूलर हलवा" म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

5.5 थोडं जास्त होतं. रविवारी सकाळी खालचा नॉब 3 आणि 4 च्या मधे नेला. फ्रीझरची पट्टी हलवली नाही. सोमवारी संध्याकाळी मधली फळी 4, भाजीचा ट्रे 5, दार 7, जाळीसमोर 1.5, फ्रीझर उणे 17.5. खोली त्या वेळी 40 वर. उणे 18 ला अर्धा अंश कमी पडत होता आणि तो मी सोडून दिला. त्या अर्ध्या अंशासाठी पट्टी जरा पुढे सरकवली असती तर खालचा खण पुन्हा 5 च्या वर गेला असता. घरात मूल, म्हातारं माणूस, रोजचं दूध आणि इन्सुलिन असताना मी खालच्या खणाची बाजू घेतो. ज्यांच्या फ्रीझरमध्ये महिन्याभराचं मटण पडलेलं असतं त्यांनी वेगळा विचार करावा.

आकडे स्थिर झाल्यावर जागा ठरवल्या. दूध दारातून काढून मधल्या फळीवर, मागच्या बाजूला. दाराचा कप्पा दुधाच्या पिशवीच्या मापाचा बनवतात खरा, पण तो फ्रिजमधला सगळ्यात गरम कोपरा असतो. तिथे लोणचं, सॉस, पाण्याच्या बाटल्या राहू द्याव्या. सांबार ओल्या कापडात गुंडाळून भाजीच्या ट्रेमध्ये. इन्सुलिन झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, मधल्या फळीवर पुढच्या बाजूला. भिंतीला टेकवायचं नाही आणि जाळीच्या रेषेत ठेवायचं नाही. त्या डब्यात मी ग्लासातला थर्मामीटर एक रात्र ठेवून पाहिला. सकाळी 5 होता, दुपारी चार वाजता 6.5. चाललं.

आंब्याच्या रसाचं एक मोठं पातेलं वरच्या फळीवर असायचं, ते जाळी पूर्ण झाकत होतं. ते खालच्या फळीवर नेलं. हे मला पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं. पण पहिल्या दिवशी पातेलं बाहेर होतं, सगळे रस-सेवया खात बसले होते, आणि मलाही एक वाटी मिळाली होती.

आठवडाभराने फोन करून विचारलं. दूध दोन दिवस टिकत होतं. कॉम्प्रेसर आता अधूनमधून थांबतो, रात्री थांबल्याचा "टक" आवाज येतो आणि आजी दचकून विचारतात की फ्रिज बंद पडला का.

डिसेंबर

मला वाटलं होतं हे प्रकरण तिथे संपलं. डिसेंबरात, अधिवेशनाचे आणि मोर्च्यांचे दिवस, सीताबर्डीकडून जाणं नको वाटायचं अशा वेळी वहिनींचा फोन. मटार स्वस्त झाला म्हणून पाच किलो सोलून फ्रीझरमध्ये ठेवला होता, तो नीट कडक होईना. दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं होत होती. नॉब मेमध्ये ठेवले होते तिथेच, कोणी हात लावलेला नव्हता. त्यांच्याकडे आता थर्मामीटर होता. भाचीच्या जागी धाकट्या मुलाने आकडे वाचून दाखवले. खाली 3, वर उणे 10. खोलीत सकाळी 15.

थर्मोस्टॅट खालच्या खणाकडे पाहतो, हे लक्षात ठेवलं की कारण उघड आहे. बाहेरच 15 अंश असताना खालच्या खणाला तापायला काही कारणच नाही. तो लगेच गार होतो, थर्मोस्टॅट म्हणतो "बास, थांब", आणि कॉम्प्रेसर तासन् तास बंद राहतो. वर कॉइलला मात्र उणे 18 ठेवण्याइतकं काम मिळतच नाही. थंडीमुळे फ्रीझर गरम, हे कोणाला सांगितलं तर हसतील, पण एका कॉइलच्या फ्रिजमध्ये असंच होतं. खालचा नॉब वाढवून भागलं नसतं. खाली 3 होतेच, आणखी गार केलं असतं तर पुन्हा सांबार काचेचा.

मी म्हटलं, "वहिनी, वरची पट्टी मोठ्या हिमकणाकडे न्या. पूर्ण नाही, दोन रेघा."

पलीकडे क्षणभर शांतता. "भाऊ, मेमध्ये तुम्हीच तं ती मागे आणायला लावली होती. पोराला किती बोललो आम्ही."

झडप थोडी मिटली की खाली हवा कमी जाते, खालचा खण गार व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ कॉम्प्रेसर चालतो आणि ती कमाई वर जमा होते. मेमध्ये खोली 41 वर होती, खालच्या चुलीची भूक मोठी होती, तेव्हा तिचा शिधा कापणं चूक होतं. डिसेंबरात तिची भूकच नाही. पोराने केलं तेच, फक्त नऊ महिने आधी केलं.

दोन दिवसांनी आकडे आले. खाली 4, वर उणे 16. मटार कडक झाला होता. इन्सुलिनच्या डब्यात 5. धाकट्याने पट्टीशेजारी मार्करने दोन खुणा करून ठेवल्या, एकीवर "उ" आणि दुसरीवर "हि". वहिनी म्हणाल्या, होळी झाली की पट्टी "उ" वर आणायची हे पंचांगातच लिहून ठेवलं आहे. पंचांग कुठे ठेवता म्हणून विचारलं, तर फ्रिजच्या कव्हरच्या खिशात. कव्हर ऑक्टोबरातच परत चढलं होतं.